तंद्री कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?

‘मॅडम, मला डबल पर्सनॅलिटी तर नाही ना?’ गेली काही वर्षं माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांनी हा प्रश्न विचारलाय की त्यावर एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. रील बघून निदान आधीच झालेलं असतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो.

सुमीत त्यातलाच. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदललेत. वय चोवीस, गाव पारनेर तालुक्यात, पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी. प्रिलिम दोनदा हुकलेली.

“अभ्यासिकेत दोन तास बसतो, पानं उलटलेली असतात, डोक्यात काही नसतं. गाडीवर स्वारगेटहून कात्रजला पोहोचतो, मधला रस्ता आठवतच नाही. आणि मॅडम, आरशात बघितलं की वाटतं, हा कोण? हात माझेच आहेत, पण माझे वाटत नाहीत. लोकांचे आवाज लांबून येतात.”

तिन्ही गोष्टी त्याने एकाच पोत्यात भरल्या होत्या. मी आधी त्या वेगळ्या केल्या. वाचताना तंद्री लागणं, सवयीच्या रस्त्यावर गाडी आपोआप चालणं, हे तुमचं-माझं सगळ्यांचं होतं. कोणी हाक मारली किंवा समोर कुत्रं आडवं आलं की भान लगेच परत येतं. फार झालं तर मन उडालं होतं म्हणा.

तिसरी गोष्ट जरा निराळी. तिला डीपर्सनलायझेशन म्हणतात, म्हणजे आपणच आपल्याला परकं वाटणं. झोप नसणं, कमालीचा ताण, पॅनिक, काही वेळा गांजा, यातून ती येऊ शकते. साधारण निम्म्या प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी असा अनुभव येऊन जातो. आजार म्हणावा इतका तो टिकतो किंवा सारखा परततो आणि जगणं अडवतो, असे लोक शंभरात जेमतेम दोन.

“सुरुवात कधी झाली?”

तो दाराकडे बघत राहिला. “घरी सांगणार नाही ना?” रूममेटने वाढदिवसाला गांजा दिला होता. त्या रात्री पहिल्यांदा. त्यात झोप चार तास, मेसचा डबा अर्धा टाकलेला, दिवसभर चहा. घरी काही कळवणार नाही म्हटल्यावरच तो मोकळा झाला.

पुढच्या काही भेटी झोपेवर, खाण्यावर गेल्या. सुधारणा होती, पण थोडीच. मग एकदा मी विचारलं, “दिवसातून किती वेळा तपासतोस रे?”

“काय?”

“तू आहेस की नाही ते.”

बराच वेळ गप्प. “सारखंच. आरशात बघतो. चिमटा काढतो. मनात स्वतःचं नाव घेतो.”

“आणि तपासल्यावर?”

“जास्तच वाटतं.”

इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातले जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. मंद उजेडात निरोगी माणसांना दहा मिनिटं आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघायला सांगितलं. बऱ्याच जणांना चेहरा वेडावाकडा झालेला, परका दिसला. मी हे सुमीतला सांगितलं. तो हसला, बहुधा पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा मनापासून.

“बरं, कधी होतच नाही असं कधी?”

“गावी कांदा काढायला गेलो होतो तेव्हा. तीन दिवस काहीच नव्हतं. परत येताना एसटीत बसलो, आठवलं, आणि सुरू झालं.”

“परत बोल.”

“एसटीत बसलो, आठवलं...” तो थांबला. “आठवलं म्हणून सुरू झालं?”

उत्तर मी दिलं नाही. गरजच नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर माझी भिस्त का, ते अशा वेळी मला पुन्हा पटतं. परकेपणाची जाणीव येते आणि थोड्या वेळाने ओसरते. ‘म्हणजे मी वेडा होतोय’ हे वाक्य मात्र तिला धरून ठेवतं, आणि ते वाक्य आपलं असल्यामुळे आपल्याला बदलता येतं. त्यानंतर आमचं काम त्या वाक्यावरच चाललं. आरसा दाढीपुरता, चिमटे बंद, गांजा कायमचा बंद. जाणीव आली तर येऊ द्यायची आणि हातातला प्रश्न सोडवायचा.

तरी मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंच. मायग्रेन आणि एपिलेप्सीच्या काही प्रकारांतही असं वाटू शकतं, ते समुपदेशकाच्या खुर्चीतून कळत नाही.

आता लोक ज्याला ‘डबल पर्सनॅलिटी’ म्हणतात तो खरा आजार, म्हणजे एकाच माणसाच्या ओळखीचे आणि आठवणींचे तुकडे होणं, कसा दिसतो, तेही सांगते. एक चाळिशीच्या बाई डोकेदुखी आणि झोप नाही म्हणून आल्या होत्या. बोलता बोलता नवऱ्याने सांगितलं, बँकेतली ठेव यांनी स्वतः सही करून मोडली आणि यांना ते आठवत नाही. एकदा त्या मिरज स्टेशनवर सापडल्या, तिथवर कशा गेल्या ठाऊक नाही. घरच्यांनी देवऋषी करून पाहिला होता. बाई सगळं लपवत होत्या, ‘विसरले असेन’ म्हणत वेळ मारून नेत होत्या. लहानपणी घरातल्याच माणसाकडून फार सोसलं होतं, ते पुष्कळ नंतर बाहेर आलं. त्यांना पहिल्याच भेटीनंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, उपचार अजून चालू आहेत.

माझं निरीक्षण असं, की ज्यांना हा आजार असतो ते सहसा त्याचं नाव घेऊन येत नाहीत. दुसऱ्याच तक्रारी घेऊन येतात. म्हणून मी चेहऱ्यावरच्या भीतीपेक्षा हरवलेला वेळ शोधते. तासन् तास गायब आहेत का? न आठवणारी खरेदी घरात सापडते का? ‘काल तूच तर म्हणालास’ असं माणसं वारंवार सांगतात आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नसतो, असं होतं का? एकाचं जरी उत्तर हो असेल तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. परकेपणा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, काम-अभ्यास अडत असेल, तरीही जा. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि जत्रेत कुणाच्या अंगात येतं, त्याला लगेच आजार म्हणू नका. परंपरेत बसणारं, त्या माणसाला त्रास न देणारं असेल तर वैद्यकीय निकषही त्याला आजार मानत नाहीत. नको तेव्हा, नको असताना येऊन संसार विस्कटत असेल तर गोष्ट वेगळी.

सुमीतने पुढे आपणहून आईला थोडंफार सांगितलं, गांजाचं सोडून. मग त्या माउलीचा रोज रात्री फोन: “आज झालं का रे तसं?” त्याच्या संमतीने मी त्यांच्याशी बोलले. म्हटलं, तुम्ही विचारलं की त्याला पुन्हा तपासावं लागतं. त्यापेक्षा डबा पूर्ण खाल्ला का आणि कितीला झोपला, एवढंच विचारा.