सल्ला चांगला देतेस, मग कोच व्हायचं की कन्सल्टंट?

तुझं पत्र मिळालं. पदवी झाली, दोन वर्षं ॲनालिस्ट म्हणून नोकरी झाली, ऑफिसमधले लोक काही अडलं की तुझ्याकडे येतात आणि तू सांगितलेलं बऱ्याचदा बरोबर निघतं, म्हणून तुला कोच व्हायचंय, सर्टिफिकेट कोर्सही बघून ठेवलायस. घरचे म्हणतायत कन्सल्टिंगमध्ये जा. आणि तुझा प्रश्न असा की दोघंही लोकांना मदतच करतात, मग फरक तो काय?

फरक आहे, आणि तो तुझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे. उत्तर कोणी शोधायचं, सगळं तिथे ठरतं. कन्सल्टंटला क्लायंट पैसे देतो ते उत्तरासाठी. कोचला पैसे मिळतात ते समोरच्याला स्वतःचं उत्तर सापडेपर्यंत त्याच्यासोबत नीट विचार करण्यासाठी. आता बघ, तू पत्रात स्वतःचं कौतुक कशाचं केलंयस? चांगला सल्ला देण्याचं. आणि हे तर कन्सल्टंटचं काम झालं ना!

एक उदाहरण घेऊ. एका कंपनीची विक्री घसरतेय. कन्सल्टंट आला तर आधी डेटा मागेल, सेल्सच्या लोकांशी बोलेल, स्पर्धक काय करतायत ते बघेल, आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट देईल की हे दोन प्रॉडक्ट बंद करा, टीमची विभागणी अशी बदला. तो रिपोर्ट चुकला तर जबाबदारी त्याच्यावरही येते. कोच आला तर तो बहुतेक सेल्स हेडसोबत बसेल, रिपोर्ट वगैरे काही नाही, तो विचारेल की तुमच्या मीटिंगमध्ये कोण किती बोलतं, गेल्या महिन्यात कुठला निर्णय टीमने स्वतः घेतला, आणि बोलता बोलता त्या सेल्स हेडच्याच लक्षात येईल की मोठा क्लायंट आला की आपण कोणाच्या हातात काही देतच नाही. हे कोचला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं असलं तरी त्याने ते पटकन सांगून टाकायचं नसतं. ते वाटतं तितकं सोपं नाहीये, विशेषतः ज्याला पटापट उत्तरं सुचतात त्याला.

ही पद्धत बरीचशी खेळातून आलीये. टिमोथी गॅलवे नावाच्या टेनिस कोचने 1970च्या दशकात मांडलं की खेळाडूला सतत सूचना देण्यापेक्षा त्याचं लक्ष बॉलकडे वळवलं तर तो लवकर शिकतो. पुढे जॉन व्हिटमोर या माजी रेसिंग ड्रायव्हरने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार ऑफिसांमध्ये नेला, ग्रो मॉडेल तिथलंच: ध्येय काय, आत्ताची स्थिती काय, पर्याय कुठले, आणि नक्की काय करणार.

अजून एक गोष्ट जी कोर्स विकणारे फारशी सांगत नाहीत. कन्सल्टंटचा रिपोर्ट पैसे देणाऱ्याच्या टेबलावर जातो. कोचिंगमध्ये पुष्कळदा फी कंपनी भरते पण समोर बसतो तो कर्मचारी, आणि तो जे बोलतो ते त्याच्या बॉसपर्यंत जाता कामा नये, म्हणून काय सांगायचं नि काय नाही हे सुरुवातीलाच तिघांत ठरवून घ्यावं लागतं. शिवाय समोरच्याचं दुखणं मानसिक आजाराकडे झुकतंय असं वाटलं तर थांबून त्याला थेरपिस्टकडे पाठवता आलं पाहिजे.

दोन्हीच्या मधलीही एक वाट आहे. एडगर शाईन या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी त्याला प्रोसेस कन्सल्टेशन म्हटलं, म्हणजे कन्सल्टंटने तयार उत्तर न देता संस्थेलाच आपली अडचण ओळखायला मदत करायची. तुझ्यासारखीला पुढे हे आवडू शकेल.

आता तू काय करावंस? माझं स्पष्ट मत, आत्ता कन्सल्टिंगचे इंटरव्ह्यू दे. तिथे नवख्यांना टीममध्ये घेऊन शिकवतात, तुझा डेटाचा अनुभव थेट कामी येतो, फक्त केस इंटरव्ह्यूची, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण देऊन ती कशी सोडवशील असं विचारतात त्याची, मनापासून तयारी कर. कोचिंगचा रस्ता बंद होत नाही, उलट लोक आणि संस्था आतून बघितल्यावर तुझे प्रश्न जास्त खोल जातील. आणि त्या सर्टिफिकेटवरच क्लायंट मिळतील असं समजू नकोस. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही कोचना प्रमाणपत्र देणारी संस्था, तिच्या पहिल्या पातळीलाच, म्हणजे एसीसीला, किमान 60 तासांचं ट्रेनिंग आणि 100 तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, पुढच्या पीसीसीला 125 आणि 500. कोच म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी लायसन्स लागत नाही, त्यामुळे कोर्स कोणीही काढतं. फी भरण्याआधी विचार की कोर्सला मान्यता कोणाची, आणि माझं कोचिंग सेशन ऐकून कोणी अनुभवी माणूस फीडबॅक देणार आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर भरू नकोस.

तोवर एक करून बघ. पुढच्या वेळी कोणी अडचण घेऊन आलं की अर्धा तास फक्त प्रश्न विचार, एकही सल्ला नाही. त्या अर्ध्या तासात तुला मजा आली की जीव कासावीस झाला, ते मला कळव, मग कोर्सचं बोलू.