सार्वजनिक मालकी, सरकारी मालकी आणि लोकशाही नियंत्रण

एका वाचकाने विचारले आहे की, वीजपुरवठा करणाऱ्या संस्थांच्या संदर्भात येणाऱ्या 'पब्लिक ओनरशिप'ला मराठीत 'सरकारी मालकी' म्हणावे की 'सार्वजनिक मालकी', आणि त्याला जोडून येणाऱ्या 'डेमोक्रॅटिक कंट्रोल'साठी 'लोकशाही नियंत्रण' हा शब्द बरोबर आहे का.

माझ्या मते 'सार्वजनिक मालकी' असेच लिहावे, कारण सरकारी मालकी हा तिचा केवळ एक प्रकार आहे. फ्रान्समधील ईडीएफ ही कंपनी १९४६ साली वीजउद्योगाच्या राष्ट्रीयीकरणातून उभी राहिली आणि मधल्या काळात काही समभाग खाजगी हाती गेल्यावर २०२३ मध्ये पुन्हा पूर्णपणे शासनाच्या मालकीची झाली. तिला सरकारी म्हणणे अचूक आहे. परंतु कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथील वीजसंस्थेला हे विशेषण लावले, तर वाचकाची दिशाभूल होते. तेथील मतदारांनी १९२३ मध्ये या संस्थेच्या स्थापनेला मंजुरी दिली, खाजगी कंपनीशी चाललेल्या दीर्घ न्यायालयीन संघर्षानंतर १९४६ च्या अखेरीस तिचा वीजपुरवठा सुरू झाला, आणि आजही तिच्या सात संचालकांना त्या-त्या प्रभागातील मतदार थेट निवडून देतात. ही संस्था कोणत्याही मंत्र्याच्या खात्याखाली येत नाही. नेब्रास्का राज्यात तर सर्व ग्राहकांना वीज मिळते ती अशा लोकनियुक्त मंडळांकडून, नगरांच्या वीजसंस्थांकडून किंवा सहकारी संस्थांकडून. 'सरकारी' या शब्दात हे वैविध्य मावत नाही.

मात्र 'सार्वजनिक' हा शब्दही सावधपणे वापरावा लागतो. 'सर्वजन' या शब्दाला 'इक' प्रत्यय लागून आणि आद्य स्वराची वृद्धी होऊन तो सिद्ध होतो. पण सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक सुट्टी, सार्वजनिक वाचनालय या प्रयोगांत आपल्या मनात मालकीपेक्षा सर्वांना असलेली मुभा अधिक ठळक असते. त्यामुळे 'सार्वजनिक वीजसेवा' एवढेच लिहिले, तर सर्वांना वीज पुरवणारी खाजगी कंपनीही त्यात बसते. म्हणून 'मालकी' हा शब्द कधीही गाळू नये. ओघवत्या लेखनात 'लोकांच्या मालकीची वीजसंस्था' ही रचना मला सर्वांत स्वच्छ वाटते. 'कंपनी'ऐवजी 'संस्था' हा शब्द मी मुद्दाम सुचवतो, कारण सहकारी संस्थेत वीज घेणारा हा नुसता ग्राहक नसून सभासदही असतो.

शहराने वीजजाळे परत घेण्याच्या प्रक्रियेला 'राष्ट्रीयीकरण' म्हणणे मात्र सरळ चूक आहे. हॅम्बुर्गमध्ये २०१३ साली झालेल्या सार्वमतात निसटत्या बहुमताने जो कौल मिळाला, तो ही जाळी शहराच्या मालकीत आणण्यासाठी होता, जर्मन राष्ट्राच्या नव्हे. त्यासाठी 'नगरीकरण' हा शब्द सुचतो खरा, पण त्याचा अर्थ वेगळाच रूढ आहे. तेव्हा 'पुन्हा शहराच्या मालकीत घेणे' असे उलगडून लिहिलेलेच बरे.

आता 'नियंत्रण'. 'नियमन' हा शब्द त्याच्या जागी सर्रास वापरला जातो आणि हा घोटाळा मला अधिक गंभीर वाटतो. वीज नियामक आयोग खाजगी कंपनीचे दर ठरवून देतो, ते नियमन. त्यात मालक बदलत नाही आणि निर्णयही मुळात कंपनीचेच राहतात. कोणत्या इंधनापासून वीज घ्यायची, कुठे गुंतवणूक करायची, थकबाकीदाराची जोडणी केव्हा तोडायची, हे ज्यांनी ठरवायचे त्यांना लोक निवडू आणि हटवू शकत असतील, तरच ते लोकशाही नियंत्रण. एखादी वीजसंस्था पूर्णपणे सरकारी असूनही तिच्या कारभारात लोकांना काहीच स्थान नसू शकते. म्हणूनच मूळ शब्दप्रयोगात मालकी आणि नियंत्रण ही दोन पदे वेगळी ठेवलेली आहेत आणि मराठीतही ती एकात मिसळू नयेत.

'लोकशाही' हे नाम असल्याने त्याऐवजी 'लोकतांत्रिक' लिहावे, अशी सूचना काही जण करतात. त्याची गरज नाही, कारण 'लोकशाही मार्ग', 'हुकूमशाही राजवट' अशा प्रयोगांत मराठी ही नामे विशेषणासारखी सहज वापरते.