मुलाला आइस हॉकीत डिफेन्समन व्हायचंय म्हणून कॅलगरीला यावं का?

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आलाय, पुण्याहून मे महिन्यात निघायचंय, अल्बर्टातलं कॅलगरी की ऑन्टारिओतलं ब्रॅम्प्टन हे ठरत नाहीये. मुलगा साडेनऊ वर्षांचा. पाच वर्षं रोलर स्केटिंग केलंय, उलटं स्केटिंग उत्तम जमतं आणि त्याला एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, डिफेन्समन (बचाव करणारा खेळाडू) व्हायचंय. उशीर झालाय का आणि त्याच्यासाठी शहर निवडावं का, असं तुम्ही विचारलंय.

शहर तुमच्या नोकरीवरून ठरवा. रिंक दोन्हीकडे भरपूर आहेत आणि चांगले प्रशिक्षकही. घरात एकाचा तरी पगार नियमित येत नसेल, तर या खेळात पहिल्या वर्षीच दमछाक होते. आम्ही २०११ मध्ये सांगलीहून कॅलगरीला आलो तेव्हा आमचा मुलगा नऊ वर्षांचाच होता. तो आठ मोसम खेळला, सगळे डिफेन्सवर. त्यामुळे जे सांगतेय ते रिंकच्या गार बाकावर बसून पाहिलेलं आहे.

उशिराबद्दल. इथली मुलं चार-पाच वर्षांची असताना बर्फावर उतरतात, तेव्हा तुमचा मुलगा मागून सुरुवात करणार हे खरं. पण रोलरची पाच वर्षं वाया जात नाहीत. तोल, गुडघ्यातला वाक, उलटं जाणं हे सगळं येतं. अडतं ते थांबताना. चाकांवर थांबायची सवय बर्फावर चालत नाही. दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडत थांबावं लागतं, आणि ते दोन्ही बाजूंना यायला हवं. आमच्याकडे डावीकडचं थांबणं जमायला एक अख्खा हिवाळा गेला.

डिफेन्सच्या जागेचा एक फायदा पालकांना फार उशिरा कळतो: हा खेळाडू उशिरा पिकतो. पुढे राहून गोल करणाऱ्या फॉरवर्डचं कौशल्य दहाव्या वर्षीही डोळ्यांत भरतं, गोल दिसतात. डिफेन्समनचं काम म्हणजे काय होऊ दिलं नाही ते, आणि ते समजून घ्यायला डोकं आणि अंग दोन्ही वाढावं लागतं. माझ्या मुलाच्या तिसऱ्या मोसमातली एक सकाळ आठवते. पावणेसहाचा सराव. समोरून पोरगा पक (हॉकीची रबरी चकती) घेऊन सुसाट यायचा, आमचा उलटा जात असायचा आणि दर वेळी फसायचा, कारण नजर पकवर. प्रशिक्षकांनी त्याला कठड्याशी बोलावलं आणि सांगितलं, पक बघू नकोस, त्याच्या छातीवरची अक्षरं बघ. पक कुठेही हलवता येतो, छाती नाही. पुढच्या वेळी त्यानं स्टिकएवढं अंतर राखलं, छातीवर नजर ठेवली, समोरच्याला हळूहळू कठड्याकडे दाबत नेलं आणि शेवटी नुसती स्टिक टेकवून पक काढून घेतला. गोल नाही, टाळ्या नाहीत. पण हेच त्या जागेचं सगळं काम आहे, आणि तुमच्या मुलाला यात मजा येते का हे आधी बघा. येत नसेल तर त्याला फॉरवर्ड खेळू द्या.

आता व्यावसायिक वाट कशी जाते ते. तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत सगळं वस्तीच्या संघातून चालतं. पश्चिमेकडच्या प्रांतांत पंधराव्या वर्षाच्या आसपास डब्ल्यूएचएल या ज्युनियर लीगचा ड्राफ्ट असतो, म्हणजे संघ फेरीफेरीनं मुलं निवडतात; ऑन्टारिओत ओएचएलचा. निवड झाली तर सोळाव्या वर्षापासून मुलगा दुसऱ्या गावात, परक्या कुटुंबात राहून खेळतो. इथे त्यांना बिलेट कुटुंब म्हणतात. पगार नसतो, किरकोळ भत्ता असतो. पण डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे एका वर्षाच्या विद्यापीठ शिक्षणाचा खर्च मिळतो, हे मराठी आईबापांनी ठळक लिहून ठेवावं. अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट, सात फेऱ्यांचा. मग बहुतेकांची काही वर्षं एएचएलमध्ये म्हणजे खालच्या लीगमध्ये जातात.

दुसरी वाट अमेरिकी विद्यापीठांची. पूर्वी डब्ल्यूएचएल किंवा ओएचएलमध्ये खेळलं की एनसीएएची, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या स्पर्धांची, दारं बंद व्हायची, म्हणून पंधरा-सोळाच्या पोरांना आयुष्याचा निर्णय घ्यावा लागायचा. आता तो नियम बदललाय, २०२५-२६ च्या मोसमापासून ज्युनियर खेळलेली मुलंही विद्यापीठाकडून खेळू शकतात. तुमच्या मुलाच्या पिढीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. कॅलगरीचाच डिफेन्समन केल मकार बघा. तो ब्रूक्स या छोट्या गावाच्या संघाकडून खेळला, मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं काढली आणि २०२२ मध्ये कोलोराडोच्या संघाबरोबर स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. त्याच वर्षी सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफीही त्यालाच मिळाली.

पण मकार २०१७ च्या ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला होता. तुमच्या मुलाला मी मार्क जिओर्दानोची गोष्ट सांगेन. टोरांटोचा हा मुलगा कुणीच ड्राफ्ट केला नाही. कॅलगरीच्या एनएचएल संघानं २००४ मध्ये साधा करार केला, खालच्या लीगमध्ये झिजला, २००७ मध्ये करार जमेना म्हणून एक मोसम मॉस्कोत जाऊन खेळला. परत आला, २०१३ मध्ये कॅलगरीचा कर्णधार झाला आणि २०१९ मध्ये पस्तिसाव्या वर्षी त्यानं नॉरिस जिंकली. उशिरा पिकणं म्हणजे काय ते यातून कळतं. स्वीडनचा डिफेन्समन लिडस्ट्रॉमसुद्धा १९८९ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला होता, आणि पुढे त्याला सात नॉरिस मिळाल्या.

आता आकडा. एनएचएलमध्ये ३२ संघ. सामन्याला प्रत्येकाचे साधारण सहा डिफेन्समन उतरतात, तीन जोड्या. म्हणजे सगळ्या जगातून १९२ जागा, आणि त्यावर डोळा ठेवून कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेक या देशांतली पोरं बसलेली. २०२५-२६ मध्ये एनएचएलमधला किमान पगार वर्षाला ७,७५,००० अमेरिकी डॉलर होता, पण ती जागा किती मोसम टिकेल याची खात्री कुणी देत नाही. स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये खेळून नीट संसार चालवणारे डिफेन्समन पुष्कळ आहेत. तेही व्यावसायिकच, फक्त त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात.

भारतीय वंशाच्या मुलांना जमतं का, हेही तुम्ही विचारलंय. जमतं. रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळला, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये मॅनी मल्होत्रा सातवा निवडला गेला, नंतर जुझार खैरा आला. व्हँकूव्हरजवळच्या सरीचा अर्शदीप बैन्स कुणी ड्राफ्ट न करताही व्हँकूव्हरच्या एनएचएल संघापर्यंत पोचला. हे चौघेही इथेच जन्मलेले आणि फॉरवर्ड आहेत. पंजाबी समाजानं हा खेळ आपलासा केलाय. २००८ मध्ये सामन्यांचं समालोचन पंजाबीत सुरू झालं. आपल्या मराठी मंडळात अजून सगळे क्रिकेटच बोलतात. रिंकवर सुरुवातीला एकटं वाटेल, तेव्हा पंजाबी पालकांशेजारी बसा, ते सांभाळून घेतात.

दुखापतीबद्दल स्पष्ट सांगते. पक म्हणजे गोठवलेलं रबर, वजन १७० ग्रॅमपर्यंत. झडेनो चारा या डिफेन्समननं २०१२ मध्ये तो ताशी १७५ किलोमीटरनं मारून दाखवला होता, आणि असे फटके अंगावर घेणं हे डिफेन्समनचं कामच आहे. जुन्या काळातल्या बॉबी ऑरनं सलग आठ नॉरिस जिंकल्या, पण गुडघ्यांनी त्याला तिसाव्या वर्षी थांबवलं. दिलासा एवढाच की २०१३ पासून देशभर यू-१३ (तेरा वर्षांखालील) आणि त्याखालच्या वयात अंगावर जाऊन धडक मारायला बंदी आहे. त्यामागे कॅलगरी विद्यापीठाचा अभ्यास होता: धडक चालणाऱ्या अल्बर्टातल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना, ती न चालणाऱ्या क्वेबेकच्या मुलांपेक्षा डोक्याच्या दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त आढळला. माझा मुलगा त्या गटात गेला त्याच वर्षी बंदी आली. पुढे धडक सुरू झाली तेव्हा दुसऱ्याच महिन्यात त्याचा खांदा निखळला. डोक्याला मार लागल्यावर मुलगा "मी बरा आहे" म्हणाला तरी ऐकू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच बर्फावर पाठवा.

पैशाचं. पहिल्या वर्षी सगळं सामान वापरलेलं घ्या, फक्त हेल्मेट नवं. खर्च पुढे वाढतो तो वरच्या संघात गेल्यावर: स्टिक मोडतात, स्पर्धांसाठी हॉटेलं लागतात, उन्हाळी शिबिरं सुरू होतात. अडचण असेल तर किडस्पोर्ट आणि जंपस्टार्ट या मुलांच्या खेळाला मदत करणाऱ्या संस्थांकडे अर्ज करा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एका खाजगी शिबिराच्या माणसानं आम्हाला सांगितलं होतं की हा पोरगा नक्की ज्युनियरला जाणार, फक्त त्यांचा वर्षभराचा कार्यक्रम घ्यायला हवा. आम्ही सांगलीच्या फ्लॅटसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले. तुम्ही असं करू नका. तेराव्या वर्षी "नक्की" म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा.

मे २०१७ मध्ये त्याच्या वयाचा डब्ल्यूएचएल ड्राफ्ट झाला. शाळेतून आला, बूट न काढता जिन्यावरच बसला आणि फोनवर एकेक फेरी खाली सरकवत राहिला. मी आत पोहे करत होते. त्याचं नाव कुठल्याच फेरीत आलं नाही. बऱ्याच वेळानं उठला, पोहे खाल्ले आणि म्हणाला, आज सराव आहे ना? त्यानंतरही दोन वर्षं खेळला, सतराव्या वर्षी थांबला. आता २३ वर्षांचा आहे, नोकरी करतो आणि दर शनिवारी यू-११ च्या मुलांना उलटं स्केटिंग शिकवतो.

तर येणार असाल तर एवढं करा. घर भाड्यानं घेण्याआधी तो पत्ता कुठल्या हॉकी संघटनेच्या हद्दीत येतो ते बघा, कारण वस्तीचा संघ पत्त्यावरून ठरतो. मोसमाची नोंदणी उन्हाळ्यातच उरका, सप्टेंबरात चाचण्या असतात. मेमध्ये पोचलात तर जून ते ऑगस्ट त्याला बर्फावर नुसतं थांबायला शिकवा, दोन्ही बाजूंना. इनलाइन स्केट्स सोबत आणा, गल्लीत कामी येतात. आइस स्केट्स मात्र भारतातून घेऊ नका. त्या रोजच्या बुटांपेक्षा एक-दीड माप लहान लागतात आणि पायात घालूनच घ्याव्या लागतात.

खांद्याचे आणि पिंढरीचे पॅड आमच्या तळघरात दोन जोड पडून आहेत, मुलाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीचे, धुऊन ठेवलेले. तुमच्या मुलाची उंची आणि छातीचं माप कळवा, बसत असतील तर काढून ठेवते.