बारावीचे गुण की सीईटी? प्रवेशाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. क्लासमध्ये सांगतात, 'बोर्डाचं टेन्शन घेऊ नका, इंजिनिअरिंगला सीईटीच चालते.' हे खरं का? – एक पालक, सातारा

उत्तर : अर्धंच खरं. राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर (त्याचा अर्थ पुढच्या उत्तरात) लागते आणि बारावीचे गुण त्यात मिळवत नाहीत, इथवर क्लासवाले बरोबर आहेत. पण यादीत नाव यायला आधी पात्र ठरावं लागतं. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय (बहुतेकांचा रसायनशास्त्र) मिळून खुल्या गटाला 45 टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40. म्हणजे 300 पैकी 135 किंवा 120.

खुल्या गटातल्या मुलाची अशी मार्कशीट डोळ्यांसमोर आणा : इंग्रजी 68, मराठी 75, जीवशास्त्र 62, भौतिक 41, रसायन 48, गणित 42. बेरीज 600 पैकी 336, म्हणजे 56 टक्के. घरात पेढे वाटले जातात. पण तीन विषयांची बेरीज 131 आहे. चार गुण कमी, म्हणजे सीईटीत 95 पर्सेंटाइल असले तरी हा मुलगा अपात्र. एकूण टक्केवारी बघून निर्धास्त राहू नका, या तिघांची बेरीज वेगळी करून बघा.

यावर सगळ्यात सोपा उपाय प्रॅक्टिकलचा आहे, आणि क्लासच्या गडबडीत नेमका तोच राहून जातो. भौतिक आणि रसायनाचे 30-30, गणिताचे 20, मिळून 80 गुण कॉलेजातच मिळतात. त्यातले 70 हातात आले, तर लेखीच्या 220 पैकी 65 मध्ये 135 चा आकडा गाठता येतो. म्हणून जर्नल वेळेवर तपासून घ्या, प्रयोग बुडवू नका. एवढं करूनही गुण कमी पडले तर बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, म्हणजे पास झालेल्यांना पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवायची सोय. मात्र तो निकाल कॅपच्या कागदपत्र पडताळणीआधी हातात येतो का, हे तारखा लावून तपासा.

मुलगा जेईई ही देशपातळीवरची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षाही देणार असेल तर अट आणखी कडक आहे. एनआयटीसारख्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांना बारावीत 75 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 65) लागतात, किंवा आपल्या बोर्डात त्या प्रवर्गाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं.

प्रश्न : मला सीईटीत 91 पर्सेंटाइल मिळाले. म्हणजे 200 पैकी 182 ना? – विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही. 91 चा अर्थ एवढाच, की तुझ्या सत्रात (परीक्षेच्या शिफ्टमध्ये) बसलेल्या दर शंभरांपैकी 91 जणांचे गुण तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी आहेत. सत्रात 20,000 मुलं असतील तर साधारण 1,800 जण तुझ्या पुढे आहेत. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, त्यामुळे सोप्या पेपरच्या सत्रात 110 गुणांना जेवढे पर्सेंटाइल मिळतात, त्याहून जास्त ते अवघड पेपरच्या सत्रात मिळू शकतात. मैत्रिणीचे गुण आणि तुझे गुण शेजारी ठेवून काही कळणार नाही. एकूण पर्सेंटाइल म्हणजे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरीही नव्हे. ते एकूण गुणांवरून वेगळे काढतात.

पुढच्या बॅचने एक गोष्ट लक्षात ठेवावी. गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात, भौतिक आणि रसायनाचे 50-50 प्रश्न एकेका गुणाचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. दोघांचे एकूण पर्सेंटाइल सारखे आले, तर आधी गणिताचेच पर्सेंटाइल बघतात, बारावीच्या गुणांची पाळी त्यानंतर येते. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे वेळ संपायच्या आत एकही प्रश्न रिकामा ठेवू नये.

प्रश्न : आमचे वर्ग ओस पडलेत. बारावीचे निम्मे आणि सीईटीचे निम्मे गुण धरले तर मुलं कॉलेजात परत येणार नाहीत का? – कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : सर, ही कळकळ आम्हालाही आहे. असा प्रयोग देशपातळीवर होऊन गेलाय. 2013 ते 2016 या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला 40 टक्के वजन होतं, 2017 पासून ते काढलं. अडचण बोर्डांची होती. एका बोर्डाचे 90 आणि दुसऱ्याचे 90 सारखे नसतात, म्हणून प्रत्येक बोर्डात मुलगा कितवा आला ते पाहून गुण समान पातळीवर आणावे लागत. त्यात गृहीत धरलेलं असायचं, की प्रत्येक बोर्डातल्या वरच्या दहा टक्के मुलांची तयारी सारखीच आहे. ते पटण्यासारखं नव्हतं. शिवाय सगळ्या बोर्डांचे निकाल येईपर्यंत क्रमवारी अडायची.

आमच्या मते निम्मं वजन देण्यापेक्षा पात्रतेची अट वाढवणं जास्त न्याय्य आहे. 45 ऐवजी 60 टक्के मागितले तर बोर्डांची तुलना करावी लागत नाही, आणि मुलाला वर्गात बसावंच लागतं. पण त्याआधी प्रॅक्टिकलचे गुण खरोखर प्रयोग करून घेऊनच द्यायला हवेत. आज प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेल्या मुलालाही 30 पैकी 28 मिळू शकतात. असं चालू राहिलं तर अट 60 ची झाली तरी ती कागदावरच राहील.

प्रश्न : मुलीला बारावीनंतर अमेरिकेत शिकायचंय. सॅट ही तिथली प्रवेश परीक्षा द्यावी का? – एक पालक, पुणे

उत्तर : ते विद्यापीठावर अवलंबून आहे. एमआयटीने 2022 मध्ये सॅट किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी पुन्हा सक्तीची केली. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाच्या निर्णयात सॅट बघतच नाही. कित्येक ठिकाणी ती ऐच्छिक आहे. अर्ज करायच्या विद्यापीठांची यादी आधी करा, मग परीक्षेचं ठरवा. गुणपत्रिका मात्र सगळीकडे लागतात, त्याही नववी ते बारावी अशा चारही वर्षांच्या. नववी-अकरावीच्या निकालाकडे आपल्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. शाळेच्या शिक्क्याच्या प्रती आताच मागून ठेवा.