तात्यांचा व्हॉइस मेसेज आणि अ‍ॅडमिन मी

प्रश्न : नमस्कार ताई, मी अमळनेर तालुक्यातला. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच. परवा रात्री आमच्या तात्यांनी (चुलत काका, गावात मोठा मान) अहिराणीत व्हॉइस मेसेज टाकला, 'पोरे धरनारा उनात, सावध ऱ्हा' (पोरं पळवणारे आलेत, सावध राहा), सोबत व्हिडिओ, बाईकवरचे दोघं गल्लीतून पोरगं उचलून पळतायत. आता शिवारात मेंढ्या घेऊन आलेल्या ठेलारींकडे (फिरते मेंढपाळ) पोरं संशयाने बघतायत. मला ते खोटं वाटतंय, पण तात्यांना चारचौघात कसं बोलू? आणि काही झालं तर पोलीस मलाच धरतील का?

उत्तर : भाऊ, मेसेज अजून ग्रुपवर असेल तर आधी तो उडवा, बाकीचं मग वाचा. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्यावर बोट दाबून धरलं की पर्याय दिसतो.

तो व्हिडिओ मी बघितलेला नाही, पण वर्णन ऐकून 2018 चा आठवला. गल्लीत पोरं खेळतायत, बाईकवाले एकाला उचलतात. तो कराचीतल्या एका जनजागृती फिल्मचा तुकडा होता, मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तेवढा शेवट कोणीतरी कापला आणि तो आपल्याकडे फिरला. त्याच अफवांच्या दिवसांत, 1 जुलै 2018 ला, रविवारी, आपल्याच खानदेशात, धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजारात जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं हो. त्यामुळे ठेलारींचं वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

तात्यांचं म्हणाल तर ग्रुपवर 'हे फेक आहे' असं लिहू नका, मान दुखावला की माणूस खोट्यालाही धरून बसतो. ओट्यावर जाऊन बसा, चहा घ्या आणि नुसतं विचारा, तात्या, पोरगं कोणाचं, गाव कोणतं, कधीची गोष्ट? बहुतेक उत्तर येईल 'मला पण आलं रे कोणाकडून तरी'. व्हिडिओवर दुहेरी बाण असेल तर तोही दाखवा, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलंय. मग तात्यांनाच ग्रुपवर बोलायला लावा, तेही अहिराणीतच. आपल्या बोलीतला आवाज लोकांना घरचा वाटतो, अफवा त्यामुळेच तर पटते!

आणि पोलीस पाटलांना आजच सांगा, ठेलारींच्या वाड्यावर एक चक्कर मारा म्हणावं. गर्दी जमायला लागली तर थेट 112 या आपत्कालीन नंबरला फोन.

तुमच्या भीतीबद्दल : मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की सदस्याच्या पोस्टसाठी नुसता अ‍ॅडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही, त्यात त्याचा हात असला तर गोष्ट वेगळी. चौकशीला बोलावलं तर घाबरू नका, पण तात्यांशी बोलणं होईपर्यंत 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवतील' ही सेटिंग लावून ठेवा, पोरं दोन दिवस कुरकुर करतील, करू द्या.

प्रश्न : आईच्या फोनवर 'पीएम किसान'ची एपीके फाइल (थेट अ‍ॅप बसवणारी फाइल) आली, तिने उघडली. आता? (एक मुलगी, शिरपूर)

उत्तर : नेट बंद करा, ते अ‍ॅप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उद्यावर ढकलू नका. आणि आईला रागावू नका, पुढच्या वेळी सांगणारच नाही ती.