जपानमधील हाशिनो येथील लोखंडाच्या भट्ट्यांचे अवशेष पाहण्यासाठी मुद्दाम जावे का? तेथे नुसते दगड आहेत असे ऐकले आहे.

आपण ऐकले ते खोटे नाही. इवाते प्रांतातील कामाइशीच्या डोंगरात आज तीन झोतभट्ट्यांचे (हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांचे) ग्रॅनाइटचे चौथरे तेवढे उभे आहेत. आतील विटांचे अस्तर, भाते आणि छपरे केव्हाच गेली. तरीही अवश्य जावे असेच मी म्हणेन. मात्र त्याआधी कामाइशी शहरातील लोखंडाच्या इतिहासाचे संग्रहालय पाहावे, कारण तेथे हाशिनोच्या तिसऱ्या भट्टीची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. मी उलट क्रमाने गेलो आणि पहिला अर्धा तास कोणत्या दगडावर काय उभे होते, याचा मला काही केल्या उलगडा होईना.

मितो संस्थानाला तोफा ओतण्यासाठी चांगल्या प्रतीचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हवे होते. ते देण्यासाठी ओशिमा ताकातो या सामुराईने परदेशी पाऊल न ठेवता, एका डच ग्रंथाच्या आधारे, १८५७ मध्ये जवळच्या ओहाशी येथे पाश्चात्त्य पद्धतीची झोतभट्टी पेटवली. हाशिनोचे काम त्याच्याच देखरेखीखाली १८५८ मध्ये सुरू झाले आणि ते १८९४ पर्यंत चालले. २०१५ पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. त्या नावाला भुलून भव्य काही पाहायला मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

पाहायची असते ती जागेची निवड. लोहखनिज वरच्या डोंगरातून येई, लोणारी कोळसा भोवतालच्या जंगलातून मिळे आणि ओढ्याचे पाणी पाटाने आणून त्यावर पाणचक्की व तिच्या जोरावर भाते चालत. पाटाच्या कडेने चालताना एकामागून एक चौथरे लागतात, तेव्हा ही मांडणी आपोआप ध्यानात येते. वाटेत मला भट्टीतून निघालेल्या धातुमळीचा एक काळा तुकडा दिसला. एका बाजूने काचेसारखा गुळगुळीत, तर दुसऱ्या बाजूने बुडबुड्यांनी सच्छिद्र. तो अर्थातच जागेवरच राहू द्यावा.

शिन-हानामाकीपर्यंत शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे आणि पुढे कामाइशी मार्गावरील गाडी हा सोयीचा प्रवास आहे. शेवटच्या डोंगरी टप्प्यासाठी भाड्याची मोटार किंवा टॅक्सी ठरवावी, बसच्या भरवशावर राहू नये. परिसरात अस्वलांचा वावर असल्याने जंगलाच्या बाजूला एकट्याने फिरू नये. हिवाळ्यात तेथील माहिती केंद्र बंद असते. त्यामुळे मे ते ऑक्टोबर हा काळ निवडावा.