शिशुगृहात सेवेला जाताय? तिकिटाआधी लेखी उत्तर घ्या

लेखी परवानगी नसताना शिशुगृहात सेवेला निघावं का, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि नवऱ्याला म्हटलं, बघा, आपलीच गोष्ट कुणीतरी लिहिलीय. चर्चच्या मंडळीचा तरुण संघ, मे महिन्याची सुट्टी, परजिल्ह्यातलं शिशुगृह, सहा वर्षांच्या आतली निराधार मुलं आणि परवानगी देणारे सरकारी साहेब फोनवर म्हणतायत, "लेखी कशाला, या की तुम्ही." हे आम्हीही ऐकलंय.

संस्थेची नोंदणी, पोलिसांचा चारित्र्य दाखला हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, जे भोगलं तेवढंच सांगते.

आमचा अर्ज रीतसर होता. पाळकसाहेबांचं पत्र, सगळ्यांचे दाखले, कोण काय काम करणार त्याची यादी. पोच मागितली तर शिक्का कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. साहेब तोंडी म्हणाले, काही हरकत नाही. रात्रभर प्रवास करून सकाळी पोचलो, तर साहेबांची बदली झालेली. नव्या बाईंचं एकच पालुपद, "रेकॉर्डला काही नाही." अर्ज टपालात दिलाय म्हटलं, तर "मग टपालात विचारा." टपालवाला म्हणे, "साहेबांकडे गेला असेल." कुठले साहेब, ते विचारायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी मीटिंग. संस्थेच्या अधीक्षिकेचाही नाइलाज होता. विनापरवानगी माणसं आत घेतली की नोटीस तिलाच. शेवटी आम्हाला आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आणि उसवलेल्या दुपट्यांचा ढीग पुढ्यात आणून टाकला. मुलांचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पोरापोरींच्या रजा गेल्या, मंडळीनं वर्गणी काढून दिलेले पैसे गेले, आणि त्या कार्यालयातून आजतागायत एका ओळीचं उत्तर नाही.

सरकारी सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, बदल्यांचा 2005 चा कायदाच तसा आहे. आणि आपले सेवादौरे कधी? मेमध्येच! तेव्हा अर्ज साहेबांच्या नावे नको, पदनामाने करा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. देत नसतील तर तिथं वाद घालू नका, सरळ स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा. उत्तरात तुमची नावं, तारखा, कामाचं स्वरूप आणि जावक क्रमांक हवा. तोवर तिकीट काढू नका. जमत असेल तर दौरा दिवाळीनंतर ठेवा, असं माझं स्पष्ट मत.

आता जरा कडू बोलते, राग मानू नका. अशा ठिकाणची काही पोरं अनोळखी माणसाच्याही कडेवर पहिल्याच दिवशी येतात. आपल्याला वाटतं, किती लळा लागला! लळा नसतो तो, रोज बदलणारे हात त्यांच्या सवयीचे झालेले असतात. दहा दिवस उराशी धरायचं आणि अकराव्या दिवशी गायब व्हायचं, हे मला पटत नाही. आपल्या कोल्हापुरात 1852 साली अमेरिकन मिशनरी वायल्डर आले, ते वर्षानुवर्षं राहिले. आपण दहा दिवसांचे पाहुणे. म्हणून भरवणं, अंघोळ, झोपवणं हे रोजच्या मावश्यांकडेच राहू द्या. तुम्ही बाटल्या उकळा, कपडे धुवा, धान्य निवडा, म्हणजे मावशीला एकेका बाळापाशी निवांत बसता येईल. कुणाला साधी सर्दी असली तरी त्यानं बाळांच्या खोलीत जायचं नाही.

फोटो अजिबात नको. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठमोरा फोटो चालतो का, असं आमच्यातल्या एकानं विचारलं होतं. कशाला हवाय? आणि मुलांना गीतं, प्रार्थना शिकवायचा बेत असेल तर इथंच सोडा. मीही रोज प्रार्थना करणारी आहे, पण ती आपली आपण करावी. उद्या तक्रार झाली तर तुम्ही कोल्हापुरात असाल, उत्तरं देत बसेल ती अधीक्षिका.

खाऊ विचारल्याशिवाय देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, लहानग्यांना शेंगदाणे नाहीत, घशात अडकतात. भडंगाचे पुडे न्यायचेच असतील तर ते मावश्यांना द्या, रात्रपाळीला उपयोगी पडतात.